ब्रीफिंगमधले तिसरे वाक्य

‘करंजदरा हे गाव निर्मनुष्य आहे.’

आदिनाथने लिहिलेल्या ब्रीफिंगमधले, म्हणजे उड्डाणापूर्वी वैमानिकांना द्यायच्या सूचनांमधले, हे तिसरे वाक्य. पहिल्या वाक्यात वाऱ्याची दिशा होती. शत्रूने डोंगराळ भागात क्षेपणास्त्रे आणून घरांत लपवली आहेत, अशी खबर दुसऱ्यात होती. तिन्हींपैकी वाऱ्याविषयीचे वाक्य त्याने दोनदा तपासले होते.

निर्मनुष्य हा शब्द इतिहासात फार राबलेला आहे. ज्या जमिनीवर कोणाला काही करायचे असते, ती रिकामी असल्याचे आधी कोणीतरी लिहून ठेवतो. कधी धरण असते, कधी खाण, कधी तोफांच्या सरावाचे मैदान. शब्द तोच असतो. आणि लिहिणारा दुष्ट असतो असेही नाही. बहुधा तो नेमका, नीटनेटका, दिलेल्या मुदतीत काम पुरे करणारा गृहस्थ असतो. आपल्याकडच्या महसुली दप्तरांत अशा गावाला बेचिराग म्हणत: जिथे दिवा लागत नाही ते. दिवा लागतो की नाही हे पाहण्यासाठी दप्तरातला कोणी संध्याकाळी तिकडे फिरकला होता का, याविषयी दप्तर मौन पाळते.

आदिनाथ असाच नेमका माणूस होता. नगरच्या एमआयडीसीत त्याचे यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचे छोटे वर्कशॉप होते, आणि केसाच्या जाडीएवढी चूक असलेला भाग तो भंगारात टाकत असे. रविवारी दुपारी मात्र तो सावेडीत त्याचा मित्र राहील याच्या गेमिंग कॅफेत येऊन बसे. त्या वेळी कॅफेत गिऱ्हाईक नसे. राहील शटर अर्धे ओढून घेई, स्नेहल कॉलेजच्या पेपरांचा गठ्ठा बाजूला ठेवून हेडफोन चढवी, आणि तिघे मिळून लढाऊ विमाने उडवीत. ही स्नेहल कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायची, आणि तिघांत सर्वांत चांगली वैमानिक तीच होती. चौथे विमान संगणक चालवी. त्याच्याविषयी कोणाची तक्रार नव्हती, कारण ते काही विचारत नसे.

हा पोरांचा ठोकाठोकीचा खेळ नव्हे. या सिम्युलेटरमध्ये खऱ्या विमानात असतात तितकी बटणे असतात, आणि इंजिन सुरू करायलाच बराच वेळ लागतो. खेळणारे एकमेकांविरुद्ध लढत नाहीत. सगळे एकाच बाजूने उडतात आणि यश किंवा अपयश सर्वांचे एकत्र मोजले जाते. शत्रू कुठे असेल, केव्हा जागा होईल, केव्हा पळेल, हे मिशन रचणारा ठरवतो. मग ईश्वराने स्वतःच्या सृष्टीत तिकीट काढून शिरावे तसा तोही इतरांबरोबर आत शिरतो आणि आपल्याला काहीच ठाऊक नाही असे दाखवतो. आदिनाथला असले दाखवणे मंजूर नव्हते. शत्रू कोणत्या घरांत आहे हे स्वतःलाही कळू नये म्हणून त्याने ती निवड संगणकावर सोपवली होती. उड्डाणापूर्वी संगणक चिठ्ठ्या टाकी.

त्याचा आणखी एक नियम होता, आणि त्याचा त्याला अभिमान होता. त्याच्या कोणत्याही मिशनमध्ये एक जरी नागरिक मेला, तरी मिशन असफल. “नागरिक मारून जिंकायचं असेल तर दुसरा गेम खेळा,” असे तो म्हणे. करंजदरा त्याने याच सद्हेतूने निवडले होते. जिथे नागरिकच नाहीत तिथे नियम मोडणार कसा?

पुण्यातल्या काही मंडळींचा दरवर्षी फेब्रुवारीत मेळावा भरे. राज्यभरातले संघ आपापल्या घरून एकच निवडलेले मिशन उडवीत आणि ते सगळे थेट प्रक्षेपित होई. आदिनाथची मिशने पूर्वी तिथून परत आली होती. एक फार अवघड म्हणून आणि दुसरे त्याच परीक्षकांनी फार सोपे म्हणून. यंदा त्याने कोणत्याही तयार नकाशावर न जाता उपग्रहाच्या मोजमापांवरून गर्भगिरीचे डोंगरच उभे केले होते. मेळाव्याच्या लोकांनी प्राथमिक आराखडा पाहून ‘उत्कृष्ट’ असे कळवले होते. अंतिम फाइल पाठवायची तेवढी राहिली होती.

जानेवारीतल्या त्या रविवारी त्याने ब्रीफिंग पडद्यावर आणले. राहीलने आधी एक जुना हिशेब काढला.

“ही शत्रूची लाल बाजू म्हणजे कोण रे, आदी?”

“काल्पनिक आहे.”

“काल्पनिक आहे, तर त्यांचा रेडिओवरचा आवाज माझ्याकडूनच का रेकॉर्ड करून घेतलास?”

“तुझा आवाज चांगला आहे.”

“माशाल्ला,” राहील म्हणाला. “कधी निळ्या बाजूलाही चांगला वाटू दे.”

आदिनाथ ओशाळून हसला. स्नेहल हसली नाही. ती तिसऱ्या वाक्यावर थांबली होती.

“हे करंजदरा कुठलं?”

“पाथर्डीकडचं. तुझ्याच तालुक्यातलं. माहितेय तुला?”

“माझं गाव आहे ते.”

“मेलास!” राहीलने टेबलावर थाप मारली. “मॅडमच्या घरावर बाँब टाकायला निघालास तू.”

“अगं, पण तिथे कोणी राहत नाही,” आदिनाथ अगदी प्रामाणिकपणे म्हणाला. “मी स्वतः जाऊन आलोय, बाइकवर. डिसेंबरात. भर दुपारी अख्खं गाव फिरलो. दारादाराला कुलूप. फोटो आहेत ना माझ्याकडे.”

“डिसेंबरात.”

“हो.”

“दुपारचा हिंडलास म्हणजे तहान लागली असेल. पाणी कोणी दिलं?”

आदिनाथ क्षणभर आठवत राहिला. “एक म्हातारी होती. तांब्या भरून दिला तिनं. गूळ पण दिला.”

“गोजरबाई. ती मिशनमध्ये कुठं आहे?”

“एकटीच होती गं. एका माणसासाठी...” त्याने हात हवेत फिरवला. “प्रत्येक चालता माणूस म्हणजे मशीनवर भार असतो, स्नेहल. चित्र अडखळतं. आणि एकीनं काय फरक पडतो?”

दसरा झाला की पाथर्डीच्या वाड्या-वस्त्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कारखान्यांचा मुकादम माणसे मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. ट्रॅक्टरवर भांडी, शेळ्या, सरपण आणि कोयते चढतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी जे जसे उरले असेल ते तसे परत येते. आदिनाथला हे माहीत होते. जिल्ह्यात कोणाला माहीत नाही? हंगामात त्याचे वर्कशॉप कारखान्यांचेच भाग बनवी. माणसे ऊसतोडीला जातात हे तो जाणत होता. गेलेली माणसे कुठूनतरी गेलेली असतात, एवढेच त्याच्या लक्षात आले नव्हते.

“नाव बदलू का गावाचं?” त्याने विचारले. “तुला वाईट वाटत असेल तर.”

“नाव राहू दे. माणसं घाल.”

“फाइल पुढच्या आठवड्यात द्यायचीये गं.”

“मग आठवडाभर मला दे. मी गोजरबाईला आत ठेवते. रविवारी उडवून बघू. चित्र अडखळलं तर काढ.”

यात नाही म्हणण्यासारखे काही नव्हते, म्हणून तो हो म्हणाला.

स्नेहलला पहिली अडचण आली ती मूर्तीची. सिम्युलेटरच्या संग्रहात तऱ्हेतऱ्हेचे सैनिक होते, ट्रकचालक होते, झेंडा दाखवणारा विमानतळावरचा कर्मचारी होता, गायी होत्या. म्हातारी बाई नव्हती. युद्धाच्या आसपास म्हातारी बाई असते हे संग्रह करणाऱ्यांच्या वाचनात कधी आले नसावे. शेवटी शर्टपँट घातलेला, हातात पिशवी असलेला एक ‘नागरिक’ तिने उचलला आणि त्याचा वेग सर्वांत कमी केला. तरी तो गडी छाती काढून चालत होता. गोजरबाई तशी कधीच चालली नाही. पण ती चालते एवढे तरी दिसणार होते.

ती कुठे चालेल हे स्नेहलला विचार करून ठरवावे लागले नाही. तिच्या लहानपणी आईबाप तोडीला गेले की मागे राहिलेली तिच्यासारखी पोरे गोजरबाईच्या ओसरीवर वाढत. ती कोणाची नात्यातली नव्हती. सगळी तिला मावशी म्हणत. निघताना घरोघरच्या बाया किल्ली आणि तेलाची बाटली तिच्या हवाली करीत. मग रोज दिवेलागणीला ती गावातल्या घरांची एक ओळ घेई. प्रत्येक बंद दाराशी थांबे, उंबऱ्यावर पणती लावी आणि पुढच्या दाराकडे वळे. दुसऱ्या दिवशी दुसरी ओळ. तेलाची बाटली धरायचा मान पोरांत आळीपाळीने मिळे.

“कोनच न्हाई तर दिवा कुनाला गं, मावशे?” एकदा स्नेहलने विचारले होते.

“घराला. दार लावलंय, घर न्हाई लावलं.” गोजरबाईने वात पुढे सारली होती. “आन् कोनच न्हाई म्हंजी? मी कोन हाय? तू कोन हाईस? लई शानी झाली!”

फाइलमध्ये स्नेहलने त्या चालत्या मूर्तीला घरांच्या एका ओळीतून नेले. प्रत्येक दाराशी ती थांबेल आणि ती थांबली की उंबऱ्यावर एक लहानशी ज्योत पेटेल, असे मांडले. मिशनची वेळ आदिनाथने आधीच तिन्हीसांजेची ठेवली होती. तिला तीही बदलावी लागली नाही. बाटली धरणाऱ्या पोराच्या जागी ठेवायला तिने आणखी एक मूर्ती उचलली, थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिली आणि मग ती काढून टाकली. तेवढे तिच्याने झाले नाही.

पुढच्या रविवारी राहीलने शटर ओढले. आदिनाथने विचारले, “ठेवलीस म्हातारी?”

“ठेवली.”

“कुठं ते सांगू नकोस. चाचणीत आगाऊ सांगायचं नाही.” हाही त्याचाच नियम होता.

विमाने सूर्य मावळताना उडाली. डोंगरांच्या सावल्या दऱ्यांत भरल्या होत्या, आणि आदिनाथची कारागिरी खरोखर पाहण्यासारखी होती. घाटाचे वळण, नाल्यातली बाभळीची झुडपे, पत्र्यांवरची शेवटची चकाकी. स्नेहल वरच्या थरात पहारा देत होती. राहीलचे विमान आदिनाथच्या मागे होते. ब्रीफिंगमध्ये ओळखीची खूण दिली होती: उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात ज्या घराशी पांढरा ठिपका दिसेल ते घर शत्रूचे समजावे. निर्मनुष्य गावात ऊब असण्याचे दुसरे कारण कोणते?

“एक ठिपका,” राहील रेडिओवर म्हणाला. “पहिलं घर.”

“दिसला.”

“दुसरा. शेजारचं.”

“क्रू जागे होतायत.”

“तिसरा आला. आदी, हे एकेक करून ओळीत का जागे होतायत?”

“शिस्तीचे आहेत,” आदिनाथ म्हणाला. “चालेल. पाच झाले की सुरुवात कर. तीन नंबर, वर कोणी?”

“वर कोणी नाही,” स्नेहल म्हणाली.

तेवढ्या उंचीवरून माणसापेक्षा दिवा ठळक दिसतो. कॅमेऱ्याला त्यात दोष देता येणार नाही. तो तापमान मोजतो, आणि ज्योत माणसाहून गरम असते. पाचवा ठिपका उमटला; खऱ्या शत्रूची जागे होण्याची वेळ अजून यायची होती. राहील खाली झेपावला. त्याचा हात फार स्थिर होता आणि बाँब ओळीच्या बरोबर मध्यावर पडले.

पडद्यावर अक्षरे आली: ‘मिशन असफल.’

“काय?” आदिनाथ म्हणाला. “ठिपके सगळे गेले. असफल कसं?”

त्याने हेडफोन काढला आणि लगेच स्वतःने लिहिलेल्या सूचनांत चूक शोधू लागला. ओळ न् ओळ तपासली. चूक सापडेना, कारण ती तिथे नव्हतीच. अखेर त्याने उड्डाणाची नोंद परत चालवली आणि कॅमेरा विमानातून काढून जमिनीवर, गावाच्या रस्त्यावर नेऊन ठेवला.

तिघांनी पाहिले. पिशवी घेतलेला एक माणूस पहिल्या दाराशी गेला आणि थांबला. उंबऱ्यावर ज्योत आली. तो दुसऱ्या दाराशी गेला आणि थांबला. वाकायची सोय त्या मूर्तीत नव्हती. तो नुसता थांबे. पाचव्या दाराशी तो थांबला असताना वरून शिटीसारखा आवाज आला. आदिनाथने नोंद बंद केली.

“कुलूप लावलेल्या घरापुढं दिवा?” त्याने सावकाश विचारले.

“रोज एक ओळ. गावात कोणी नसलं की लावते ती.”

राहील खुर्चीवरून उठला होता. “तुला माहीत होतं.”

“हो.”

“आणि तू गप्प बसलीस? माझ्या हातनं करवलंस?”

“आगाऊ सांगायचं नाही, असा नियम आहे.”

“नियम गेला खड्ड्यात! तू सांगितलं असतंस तर मी बटन दाबलंच नसतं, स्नेहल.” तो तिला एरवी नावाने हाक मारत नसे. “हे बरं नाही केलंस.”

“नाही केलं,” ती म्हणाली.

 मग आदिनाथ बोलला, आणि त्याच्या आवाजात कारागिराचा अस्सल आनंद होता.

“दिव्यांची कल्पना जबरदस्त आहे पण. शत्रू कुठला आणि दिवा कुठला, ओळखता येत नाही. परीक्षक खूश होतील. असं करू, म्हातारीला काढू आणि दिवे ठेवू. आपोआप पेटतील.”

अत्यंत सज्जन माणसाच्या तोंडून एखादे वाक्य इतक्या सहजपणे बाहेर पडते की त्यावर संतापणेही अप्रस्तुत वाटावे. दिवे ठेवू, लावणारी काढू. संग्रहालये याच सूत्रावर भरतात.

“काढ तिला,” स्नेहल म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिले.

“तिला काढ, दिवेही काढ. मी घातलेलं काही ठेवू नकोस. फक्त तुझं तिसरं वाक्य बदल. राहील म्हणतोय सांगायला हवं होतं. तर सांग सगळ्यांना.”

“काय लिहू?”

“‘करंजदऱ्यात एक बाई राहते.’ बस. पुढं काही नको.”

“पण ती आत नसेल ना. मग ते खोटं होईल.”

“आणि आत्ता जे लिहिलंयस ते?”

आदिनाथने विचार केला. वाक्याने चित्र अडखळत नाही, मशीनवर भार पडत नाही, मुदतही चुकत नाही. त्याने तिथल्या तिथे जुने वाक्य पुसून नवे लिहिले आणि मूर्ती व दिवे फाइलमधून काढले. “आणखी एकदा उडवून खात्री करू,” तो म्हणाला. सुटा भाग तपासल्याशिवाय तो गिऱ्हाइकाला देत नसे.

पुन्हा तीच सांज, तेच डोंगर. या वेळी संगणकाने टाकलेल्या चिठ्ठ्यांप्रमाणे वेगवेगळ्या कोपऱ्यांतली तीन घरे पांढरी झाली. शत्रू, स्वच्छ आणि निःसंशय.

“दोन नंबर, डावीकडचं घे,” आदिनाथने सांगितले.

“ती नाहीये ना आत?”

“नाही. मी स्वतः काढलीय.”

“नक्की?”

“अरे, तुझ्यासमोर काढली!”

राहीलचे विमान घरावरून गेले आणि काही न टाकता पुढे निघून गेले. “फेरी मारून येतो,” तो म्हणाला. तो फेरी मारून आला आणि पुन्हा पुढे गेला.

“राहील, काय चाललंय?”

“कोन जमत नाहीये.”

“कोन जमायला काय झालं? सरळ उतार आहे.”

“मग तू टाक ना! लीडर आहेस.”

आदिनाथने स्वतः उतार पकडला. निशाण घरावर स्थिर झाले. आपणच रचलेल्या गावात, आपणच रिकाम्या केलेल्या घरांच्या शेजारी कोणी नाही हे पृथ्वीवर त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. त्याने कॅमेरा शेजारच्या घरावर नेला, मग त्याच्या पुढच्यावर. “एकदा पूर्ण ओळ बघून घेतो,” तो म्हणाला. ओळीनंतर त्याने दुसरी ओळ पाहिली. स्नेहल वर पहारा देत राहिली. चौथे विमान हुकमाची वाट पाहत मागोमाग फिरत होते. ब्रीफिंग न वाचलेले तेवढे एकच. ठरल्या वेळी लाल बाजूची क्षेपणास्त्रे सुटली, रेडिओवर राहीलचा रेकॉर्ड केलेला आवाज विजयाने काहीतरी ओरडला, आणि इंधनाचा इशारा देणारा दिवा लागला.

‘मिशन असफल.’

“आपण तिघंही बिघडलोय,” आदिनाथ कपाळ पुसत म्हणाला. “आपल्याला माहीत आहे म्हणून असं होतंय. बाहेरच्यांना काही वाटणार नाही. ते नीट उडवतील.”

त्याने फाइल पाठवली.

उत्तर त्या आठवड्यातच आले. मेळाव्याच्या तीन संघांनी मिशन उडवून पाहिले होते. भूभाग अप्रतिम होता, ध्वनी उत्तम होता. मात्र मिशनमध्ये गंभीर दोष आढळला होता: खेळाडू शस्त्र वापरत नव्हते. एक संघ म्हणे गाव सोडून जवळच्या टेकड्यांवर बाँब टाकून परतला होता. तिसरे वाक्य वगळल्यास अडचण राहणार नाही, असे परीक्षकांचे मत होते, आणि संध्याकाळपर्यंत संमती कळवायची होती.

आदिनाथने ते कॅफेत मोठ्याने वाचून दाखवले. त्याला तो मेळावा किती हवा होता हे दोघांना माहीत होते. वर्कशॉपच्या भिंतीवर त्याने मेळाव्याच्या प्रशस्तिपत्रासाठी दोन वर्षे जागा मोकळी ठेवली होती.

“तू सांग,” तो स्नेहलला म्हणाला.

“मिशन तुझं आहे.”

“टोमणा मारू नकोस.”

“नाही मारत. खरंच तुझं आहे. मी सांगितलं म्हणून ठेवलंस, तर उद्या दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढशील.”

“हे असंय बघ,” राहील म्हणाला. “मॅडम पेपर कधीच सोपा काढत नाहीत.”

आदिनाथ बराच वेळ पडद्यासमोर बसला. त्याने एक उत्तर लिहिले, पुसले. दुसरे लिहिले. मग, जणू एखाद्या गिऱ्हाइकाशी मापावरून वाद घालावा तसा, तो पडद्याला उद्देशून म्हणाला, “पण वाक्य चुकीचं नाहीये ना. मी जाऊन आलोय तिथं. आहे ती बाई.” आणि त्याने तेच लिहून पाठवले: वाक्य बरोबर आहे, काढता येणार नाही, नको असेल तर मिशन परत घेतो.

त्यावर उत्तर आले नाही. स्नेहल जाताना शटरपाशी थांबली आणि राहीलला म्हणाली, “त्याला आज चहा पाज.” राहील म्हणाला, “मी पाजतो, पैसे तू दे. आग तू लावलीस.”

फेब्रुवारीत मेळाव्याचे प्रक्षेपण तिघांनी कॅफेतल्या मोठ्या पडद्यावर लावले. आदिनाथला बघायचे नव्हते. राहीलने त्याला ओढून आणला होता. सुरुवातीला निवेदकाने यंदाच्या मिशनचे नाव जाहीर केले, आणि मागे गर्भगिरीचे डोंगर उलगडले. घाटाचे ते वळण, नाल्यातल्या त्या बाभळी. खाली बारीक अक्षरांत ‘संकल्पना: आदिनाथ, अहिल्यानगर’ असे सौजन्यही होते. फाइल त्यांच्याकडे होतीच, आधीच्या ब्रीफिंगचा आराखडाही होता. वाक्य पुसायला कोणाच्या संमतीची तांत्रिक गरज नसते. निवेदकाने उत्साहाने ब्रीफिंग वाचले: वाऱ्याची दिशा, लपवलेली क्षेपणास्त्रे. “आणि मित्रांनो, करंजदरा हे गाव निर्मनुष्य आहे.”

पहिल्या संघाने काम चोख केले. दुसऱ्याने आणखी चोख. प्रत्येक वेळी घरे पेटताना टाळ्यांची चिन्हे पडद्याच्या कडेने वर सरकत होती. राहील शिवी देऊन थांबला. स्नेहल हातावर हात ठेवून बसली होती, आणि तिचा चेहरा निकाल वाचणाऱ्या माणसाइतका शांत होता.

आदिनाथने कीबोर्ड पुढे ओढला. प्रक्षेपणाच्या शेजारी प्रेक्षकांचे संदेश धावत होते. त्याने तिथे लिहिले: करंजदऱ्यात एक बाई राहते.

टाळ्यांच्या चिन्हांत ते वाक्य वर गेले आणि नाहीसे झाले. त्याने पुन्हा लिहिले. ‘काय बोलतोय हा?’ असे कोणीतरी विचारले. दुसऱ्या कोणी हसरा चेहरा टाकला. त्याने पुन्हा लिहिले. राहीलने शेजारच्या मशीनवरून तेच लिहिले, मग काउंटरवरच्या मशीनवरूनही. स्नेहलने मोबाईल काढला. तिसरा संघ गेला, चौथा गेला. संयोजकांपैकी कोणीतरी आदिनाथचे खाते बंद केले. तो उठून पुढच्या संगणकापाशी बसला, तिथे नवे खाते उघडले आणि लिहू लागला.

पाचवा संघ कोल्हापूरकडचा होता. त्यांतला एक जण उडता उडता एका डोळ्याने संदेश वाचत असावा, कारण उतार पकडल्यावर त्याचा आवाज आला.

“एक मिनिट. इथं खाली कोणीतरी सारखं लिहायलंय, बाई राहते म्हणून.”

“कुठली बाई?” त्यांचा लीडर म्हणाला. “ब्रीफिंगमध्ये नाही.”

“मग टाकू का?”

कॅफेत तिघांचेही हात थांबले. रेडिओवर थोडी खरखर झाली.

“थांब,” लीडर म्हणाला. “एकदा बघून घे.”

विमानाने गावावरून एक फेरी घेतली, मग दुसरी. निवेदक म्हणाला, या संघाचा वेळ वाया चालला आहे.